टॉवेलाखाली धरलेली बोटं

नबीसाबला गप्प बसवणं आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणालाच जमलं नव्हतं. सकाळी मी दूध आणायला बाहेर पडलो की हा समोरच्या दारात उभा राहून दात घासत असायचा, आणि तोंडात फेस असतानाही त्याला बोलायचंच असायचं. “मास्तर, आज तोंड का उतरलंय? वहिनींनी चहा दिला न्हाय काय?” लगेच चार दारांतून चार माना बाहेर. मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, माझ्या वर्गात पोरं श्वासही दबकून घ्यायची, आणि हा शेळ्या-मेंढ्यांचा दलाल भर रस्त्यात माझी फिरकी घ्यायचा. मला राग यायचा. मला तसा सगळ्याचाच राग येतो. माझी बायको नागव्वा म्हणते, यांना पेन्शनबरोबर रागही सरकारनं चालू ठेवलाय. पण नबीसाब बाजाराला गेला की गल्ली ओस पडायची, हेही खरं.

त्याचा धंदा जिभेवर चालायचा. सांगोल्याचा बाजार असो नाहीतर मंगळवेढ्याचा, टेम्पोतून तो बोलतच उतरायचा. शेळीचे ओठ वर करून दात बघायचा, दोन दाती की चार दाती यावरून वय सांगायचा, आणि मग तिच्या आईचं, आजीचं, दुधाचं असं वर्णन करायचा की ते शेळीलाही पहिल्यांदाच कळत असावं. मराठी, दखनी, कानडी, ज्याची जी भाषा असेल तिच्यात तो खोटं बोलायचा. मी हे त्याच्या तोंडावर म्हणायचो आणि तो खूश व्हायचा.

एकाच जागी तो खोटं बोलत नसे. ती जागा म्हणजे त्याच्या खांद्यावरचा टॉवेल. जनावरांच्या बाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत, कारण भोवती नाक खुपसणाऱ्यांचं कोंडाळं उभं असतं. दलाल आपल्या हातावर टॉवेल टाकतो, समोरच्याचा हात त्याखाली ओढून घेतो, आणि मग बोटांनी बोलणं सुरू होतं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पटलं नाही तर समोरचा बोटं सोडवून घेतो. सौदा ठरला की दलाल त्याची मूठ आपल्या हातानं मिटवतो, हात सोडतो आणि टॉवेल खांद्यावर टाकतो. वर तोंडाची बडबड चालूच असते, पण ती बघ्यांसाठी. मी एकदा त्याला विचारलं की एवढा खोटारडा माणूस तू, बोटांनी का फसवत नाहीस. तो पहिल्यांदाच जरा चिडून म्हणाला, “मास्तर, टॉवेलाखाली खोटं बोललो तर उद्या मला हात कोन देईल?”

त्याला सगळ्यात जास्त वेळा हात दिला असेल तो बिरुदेवनं. बिरुदेव मंगळवेढ्याकडच्या माळावरचा धनगर, मेंढ्या राखणारा. हा बोलेल तेवढा तो गप्प. तरुणपणी टॉवेलाखाली ओळख झाली आणि तिथूनच दोस्ती जमली. सोलापुरात आला की बिरुदेव नबीसाबच्या घरी उतरायचा, शमशादभाभी, नबीसाबची बायको, त्याच्यासाठी भाकरी थापायच्या, आणि रात्री उशिरापर्यंत एकट्या नबीसाबचा आवाज आमच्या खिडकीतून ऐकू यायचा.

दुसऱ्याच्या जनावराच्या तोंडात हात घालणाऱ्या या माणसानं स्वतःच्या तोंडात मात्र बघितलं नाही. गालात कायम तंबाखूचा मावा. जिभेच्या कडेला चट्टा आला तेव्हा म्हणाला, दात जिभेला घासतोय. दाताचा कोपरा घासून घेतला. चट्टा तसाच. मग तिखट बंद केलं, मावा काही बंद केला नाही. मुलगी आरजू फार्मसी शिकलेली, एका मेडिकल दुकानाच्या काउंटरवर बसणारी. तिनं एके दिवशी बॅटरी घेऊन बापाचं तोंड उघडायला लावलं आणि तशीच त्याला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. तोवर चट्ट्याची गाठ झालेली होती.

ऑपरेशनमध्ये जवळजवळ सगळी जीभ गेली आणि मानेतल्या गाठीही काढल्या. मग शेक सुरू झाला, रेडिएशनला आपल्याकडे शेकच म्हणतात. मानेची कातडी काळी पडली, तोंड आतून सोलवटलं, नाकातल्या नळीतून जेवण. नागव्वा हुलग्याचं माडगं पातळ करून, गाळून पाठवायची. मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर जाऊन बसायचो. ज्या माणसाचं बोलणं थांबावं म्हणून मी इतकी वर्षं देवाला साकडं घातलं, तो समोर मुका बसलेला बघून मीच गल्लीतल्या बातम्या सांगत बसायचो. त्याला लिहिता येत नव्हतं. हातानं, डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचा, आणि आम्ही निम्मं चुकीचं समजायचो.

शेक संपला आणि मधे थोडे दिवस बरे गेले. एवढे बरे की एकदा बिरुदेव त्याला बाजाराला घेऊन गेला. मीही गेलो. जीभ नसलेला दलाल बघून लोक आधी बिचकले. मग नबीसाबनं खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर टाकला आणि एका गिऱ्हाइकाचा हात खाली ओढला. तोंडाची गरजच पडली नाही. त्यानं सौदा केला, मूठ मिटवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याची जीभ कापली होती आणि आता हरलो होतो. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस जगतोय. घरी येऊन मी नागव्वाला तसं सांगितलंही.

त्यानंतर लवकरच मानेवर, टाक्यांच्या बाजूला, सुपारीएवढं काहीतरी लागलं. आधी आरजूच्या बोटांना लागलं.

दवाखान्यात नबीसाबला तपासून बाहेर बाकावर शमशादभाभींजवळ बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. आरजू, बिरुदेव आणि मी. बाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. गाठ परत आलीय, त्या म्हणाल्या, आणि अशी लवकर का आली त्याचा थोडा अंदाज आता आलाय. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांची एक जास्तीची तपासणी त्यांच्याकडे चाललेल्या अभ्यासात झाली होती. ती सगळ्यांची करत नाहीत. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या मधोमध पेन टेकवलं. गाठ भराभर वाढली की तिच्या पोटापर्यंत रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही. साध्या पेशी तिथं मरून जातात. यातल्या काही मात्र मरत नाहीत, हवेशिवाय जगायला शिकतात, आणि तसं जगण्यासाठी ठरावीक प्रथिनं तयार करतात. काचपट्टीवर रंग टाकला की ती प्रथिनं असतील तिथं तपकिरी दिसतं. नबीसाबच्या काचेवर जिकडेतिकडे तपकिरीच होतं.

शेकाला गाठीच्या पेशी मारायला ऑक्सिजनची मदत लागते, बाई म्हणाल्या. जिथं तो नाही तिथं शेकाचा जोर पडत नाही. वरचं जळतं, आतलं उरतं, आणि जे उरतं ते जास्त चिवट असतं, पसरतंही लवकर. एकट्या या तपासणीवरून कुणाचं भविष्य सांगू नये, पण इथं गाठही तेच सांगतेय.

मी दरवर्षी सातवीच्या वर्गात जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालायचो. ज्योत लहान व्हायची, विझायची, आणि मी मोठ्या रुबाबात म्हणायचो की हवेशिवाय काही टिकत नाही. पोरं वहीत लिहून घ्यायची. आणि इथं माझ्या शेजाऱ्याच्या गळ्यात पेल्याखाली जगणारं काहीतरी होतं. मला त्या पोरांना परत बोलावून ते वाक्य खोडायला लावावं असं वाटलं.

बिरुदेवला प्रथिनं कळली नसतील, पण त्यानं मान हलवली. “म्हंजी दुष्काळात वाढल्याली बाभळ,” तो म्हणाला. “तिला कुऱ्हाड लागत न्हाय.” बाई म्हणाल्या, तसंच समजा. मग त्यानं तिथं कुणाच्याच तोंडून बाहेर पडत नव्हतं ते विचारलं. “किती?”

बाईंनी आरजूकडे बघितलं. आरजूनं मान खाली घातली, पण बोला म्हणून हात केला. पुण्याला एक नवीन औषध सुईतून देतात, ते लागू पडलं तर थोडे दिवस वाढतील, बाई म्हणाल्या. नाहीतर तीन-चार महिने. तीन धरून चाला.

बाहेर पडायच्या आधीच आरजूनं आम्हाला दारात अडवलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज काउंटरवरचा होता, गिऱ्हाइकाला डोस समजावून सांगावा तसा. “अब्बा को नक्को बोलो. तुम दोनों को मेरी कसम हाय.” बिरुदेवचा हात तिनं उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हातारा तसाच उभा राहिला आणि व्हय म्हणाला. माझा हात धरायला ती आली तेव्हा मी मागे घेतला. मी तिला म्हणालो की पोरी, माणूस मरतोय तो, त्याचं मरण त्याला माहीत नको? तुमचं-आमचं आहे का ते लपवायला? बहुतेक जरा मोठ्यानं म्हणालो, कारण एक नर्स थांबून बघायला लागली.

“मास्तरकाका, मी रोज बघते,” आरजू म्हणाली. “ज्याला कळतं तो गोळ्या घ्यायच्या सोडतो. भिंतीकडं तोंड करून झोपतो. अब्बा तर आधीच पुण्याला नको म्हणतायत. मला ते औषध देऊन बघायचंय. मला अब्बा पाहिजेत, बास.” उत्तर नसलं की मला जास्त राग येतो, म्हणून मी रिक्षा बघायला पुढे गेलो.

त्यानंतर त्या घरात जो प्रकार सुरू झाला तो मला बघवत नव्हता. येईल तो नबीसाबला सांगायचा की चेहऱ्यावर तेज आलंय. कुणी कसला काढा आणला, कुणी कुठल्या दर्ग्याचं पाणी आणलं. एकजण म्हणाला, जीभ परत फुटते, त्याच्या मामेभावाची फुटली. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो आणि परत येऊ नकोस म्हणून सांगितलं. मानेवरची सुपारी लिंबाएवढी झाली, पट्टीखालून ओघळायला लागली, वास यायला लागला, आणि शमशादभाभी अगरबत्तीवर अगरबत्ती लावत होत्या.

नबीसाब विचारायचा. तळहात उपडा-उताणा करायचा, मानेकडे बोट दाखवायचा, मग दूर कुठंतरी हात करायचा. आता पुढे काय, किती, हेच. आरजू म्हणायची, बस थोडे दिन अब्बा, पुण्याला जाऊन येऊ, मग बरं वाटेल. तो मान हलवायचा. पुणे नको. तो माझ्याकडे बघायचा तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो, आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सगळा जन्म त्यानं माणसांचे चेहरे वाचून पोट भरलं होतं. आमचे चेहरे त्याला वाचता येत नव्हते असं कुणाला वाटत असेल तर तो मूर्ख आहे.

एका जुम्म्याला बिरुदेव आला. दुपारची वेळ, घर भरलेलं. खाटेभोवती भाभी, त्यांची बहीण, दोन शेजारी, मी. आरजू औषधं कुटून पाण्यात कालवत होती. बिरुदेव खाटेजवळ खाली बसला. नबीसाबनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग डाव्या हातानं मानेवरच्या पट्टीला हात लावला, उशाचा टॉवेल ओढला, उजव्या हातावर टाकला आणि बिरुदेवसमोर धरला.

सगळे हसले. प्रेमानंच हसले. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, देखो, बजार याद आया. त्यांची बहीण म्हणाली, द्या हात भाऊ, खेळू द्या त्यांना. बिरुदेव हसला नाही. त्यानं हात टॉवेलाखाली घातला.

मला फक्त टॉवेल दिसत होता. तो आधी एकदा जोरात हलला, मग स्थिर झाला, मग परत हलला. बिरुदेवच्या कपाळावर घाम आला. मधेच नबीसाबनं त्याच्या डोळ्यांत असं बघितलं की मला माझ्या वर्गातला मी आठवलो, खोटं बोलणाऱ्या पोराला उभं करून बघणारा. परत टॉवेल हलला, अगदी थोडा. मग नबीसाबनं टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला. आरजू वाटी घेऊन आली तेव्हा त्यानं स्वतःहून नळी पुढे केली.

बिरुदेव उठून बाहेर गेला, मी मागोमाग गेलो. गल्लीच्या तोंडाशी बंद दुकानाची पायरी आहे, तिथं तो बसला होता. “त्यानं आधी दोनदा पंजा धरला,” तो म्हणाला. “धा. मी हात सोडवून घेतला. मग त्यानं सा धरलं, तवाबी सोडवला. मग मलाच खुणावलं, तू धर. मी पाच धरायला गेलो मास्तर. पोरीची कसम हुती. तर त्यानं माजं मनगट असं आवळलं. मला खोटं धरता आलं न्हाय. तीन धरली.” मी त्याला म्हणालो की बरं केलंस. तो म्हणाला, बरं काय न्हाय त्यात.

मला वाटलं, आता नबीसाब भिंतीकडे तोंड करणार. आरजू म्हणाली होती तसंच होणार आणि ते माझ्याही माथी येणार. दुसऱ्या दिवशी आरजू धावत आमच्याकडे आली. “काका, अब्बा पुण्याला यायला तयार झाले. मी विचारलंसुद्धा नव्हतं, त्यांनीच बॅगेकडं बोट दाखवलं.” तिला इतका आनंद झाला होता की नागव्वानं तिच्या हातावर साखर ठेवली. मला काही समजेना. तीनच महिने उरलेत हे कळल्यावर, जे औषध तो आधी नको म्हणत होता त्याच्यासाठी तो त्या अंगानं रेल्वेत बसायला निघाला होता.

पहिल्या खेपेला दोघं बाप-लेक आणि बिरुदेव गेले. परत आल्यावर आरजू नागव्वाला सांगत होती की अब्बांच्या हातात अजून जोर आहे, गाडीत चादरीखाली माझी बोटं घट्ट धरून बसले होते, थंडी वाजत होती म्हणून मी चादर नीट ओढून घेतली. पुढच्या महिन्यातल्या खेपेला बिरुदेवच्या मेंढ्यांत रोग शिरला होता, म्हणून मी गेलो. नबीसाब खिडकीशी, आरजू शेजारी, मी समोर. कुर्डुवाडी मागे पडली तशी त्यानं चादर मांडीवर ओढली आणि तिचा हात आत घेतला. आरजू एकदा म्हणाली, “अब्बा, अशी दोनच बोटं काय धरता? नीट धरा की, सगळा हात धरा.” तिनं आत हात हलवला. तो तिच्याकडे बघत राहिला. मी पेपर वाचत होतो. आता वाटतं, तो पेपर फेकून द्यायला हवा होता.

औषध लागलं नाही. गाठ गळ्याच्या आत शिरली. तिसऱ्या खेपेहून आले तेव्हा त्याला स्टेशनबाहेर उचलून रिक्षात घालावं लागलं. श्वासाला घरघर लागली. डॉक्टरीणबाईंनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, त्या नळीतून हवा आत-बाहेर करायची आणि शिट्टीसारखा आवाज यायचा. गल्लीत एवढं बोलणारा माणूस शेवटी तेवढाच ऐकू येत होता. ऑक्सिजनचं मशीन खाटेशी आणून ठेवलं. आरजू त्याचा काटा वाढवायची, मी सांगायचो की पोरी, त्याला पुरेसा आहे, आणि ती म्हणायची, असू दे की काका, जास्त असू दे. ही हवा त्या गाठीच्या पोटात पोचणार नव्हती. फार्मसी शिकलेल्या पोरीला हे कळत होतं. तरी ती काटा वाढवत होती, आणि मी तिच्यावर ओरडू शकलो नाही.

शेवटच्या दुपारी जोहरची अजान होऊन गेली होती. आरजू त्याचा हात धरून बसली होती. मी दारात होतो. अंगावरच्या चादरीत काहीतरी हललं, तिनं वाकून विचारलं, काय अब्बा, काय पाहिजे? मग नळीतली शिट्टी थांबली. मशीन मात्र चालूच होतं, ते बराच वेळ कुणी बंद केलं नाही.

चाळिसावा झाला त्या दिवशी बिरुदेव आला होता. पाहुणे गेले. घरात भाभी, आरजू, नागव्वा, बिरुदेव आणि मी. आरजूनं बिरुदेवला चहा दिला आणि त्याच्यासमोर बसली. “बिरुकाका, त्या जुम्म्याला टॉवेलाखाली काय चाललं होतं?”

बिरुदेवनं कप खाली ठेवला. “त्यानं इच्यारलं, पोरी. मी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“खरं ते. तीन म्हनून.”

आरजू उठून उभी राहिली. इतके महिने जिचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता ती पोर त्या म्हाताऱ्यावर तुटून पडली. माझी कसम होती तुम्हाला, तुम्ही त्यांना आधीच मारलंत, सगळे दिवस ते मरणाची वाट बघत बसले आणि मी वेडीसारखी त्यांना बरं वाटेल, बरं वाटेल म्हणत राहिले. असं आणखी पुष्कळ बोलली. बिरुदेव मान खाली घालून ऐकत होता. मी मधे पडायला गेलो, नागव्वानं माझी बाही धरली.

“तोंडानं सांगितलं?” शेवटी तिनं विचारलं.

“न्हाय. बोटानं.”

“कसं? दाखवा.”

खुंटीवर नबीसाबचा टॉवेल अजून तसाच होता. तिनंच तो काढून आणला. बिरुदेवनं नको नको म्हणत हातावर टाकला, तिचा हात खाली घेतला. “ही अशी. तीन.”

आरजूनं हात काढला नाही. ती टॉवेलाकडे बघत होती. मग म्हणाली, “आणि दोन?” त्यानं धरली. “एक?” त्यानं एक धरलं.

ती हळूच खाली बसली. “पहिल्या खेपेला गाडीत तीन धरली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं थंडी वाजतेय. दुसऱ्या खेपेला दोन. मी सगळा हात दिला, तर बाकीची बोटं सोडून परत दोनच धरली. मला वाटलं, हातातला जोर चाललाय. मग एक. काका, ते मला सांगत होते. दर महिन्याला सांगत होते.”

“चादरीखाली हात धरल्यावर त्याला खोटं कसं बोलता आलं असतं,” बिरुदेव म्हणाला. भाभी पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला कळलं की तो पुण्याला का गेला. औषधासाठी गेलाच नव्हता. तिला बाप पाहिजे होता, जेवढा उरला होता तेवढा तो तिच्याबरोबर गाडीत बसून देत होता, आणि किती उरलाय तेही लपवत नव्हता. हे मला आधी कळायला हवं होतं, मी समोरच्या बाकावर होतो.

आरजूनं डोळे पुसले. मग दुसरा हात टॉवेलाखाली घातला, आणि काहीतरी केलं जे आम्हाला दिसलं नाही. “आणि असं केलं तर? शेवटच्या दुपारी अब्बांनी केलं होतं. माझी मूठ अशी मिटवली आणि हात काढून घेतला.”

बिरुदेवनं आयुष्यात तो सौदा किती वेळा पाहिला असेल. तरी तो आधी माझ्याकडे बघायला लागला.

“सौदा झाला, पोरी,” तो शेवटी म्हणाला. “आता हात सोडायचा.”

त्यानं आपला हात काढून घेतला. आरजूचा हात टॉवेलाखाली तसाच राहिला, मूठ मिटलेली. चहा गार झाला होता, तो घेऊन नागव्वा आत गेली.